नळी नेमकी कुठे अडकली आहे?

रायफलची नळी वेल्डिंग करून बसवलेली असते असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ती रिसीव्हरमध्ये फिरवून घट्ट केलेली असते, पाण्याच्या पाइपाला सॉकेट बसवतात तशीच. रिसीव्हर म्हणजे रायफलच्या पोटाचा भाग. त्यात मागून बोल्ट सरकतो आणि पुढे नळी बसते. आटे संपतात तिथे नळी जराशी जाड होते, त्या पायरीला खांदा म्हणायचं. नळी फिरवत नेली की हा खांदा रिसीव्हरच्या तोंडावर येऊन टेकतो आणि पुढचा सगळा जोर त्या टेकण्यावर पडतो. खांदा आणि तोंड एकमेकांवर जितके आवळले जातील तितकी नळी पक्की.

हे आवळणं शंभर वर्षांपूर्वीचं असेल, कारखान्यात मोठ्या यंत्राने केलेलं असेल, वर एका शतकाची थंडी, दमट हवा आणि बारूद त्याने सोसलेली असेल, तर ती नळी काढायची कशी? दोन वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या गॅरेजमध्ये हा प्रश्न तीन शनिवार ठाण मांडून होता. माझ्या ओळखीच्या मराठी लोकांपैकी कोणालाही असल्या कामाशी देणंघेणं नसेल, तरी लिहितोय. त्यातून जे हाती लागलं ते फक्त बंदुकीपुरतं नाही.

रायफल माझी नव्हती. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी 1950 च्या दशकात लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली ही एम 1917. अमेरिका एप्रिल 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या स्प्रिंगफील्ड रायफली पुरेशा नव्हत्या. पण तीन कारखान्यांत ब्रिटनसाठी एका रायफलीचं काम नुकतंच होत आलं होतं. त्याच रायफलीत फेरफार करून ती अमेरिकन काडतुसाला जुळवून घेतली. सगळ्या मिळून वीस लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या एडीस्टोनच्या कारखान्यात. हे एडीस्टोन फिलाडेल्फियाच्या खाली, डेलावेअर नदीच्या काठावर आहे. म्हणजे रायफल जन्मली तिथून फार लांब गेलीच नव्हती.

नळीच्या तोंडाजवळ, पुढच्या माशीच्या मागे, शिक्का होता: कारखान्याचं अक्षर, जळत्या गोळ्याची खूण आणि 5-18. मे 1918. आतून मात्र नळी गेलेली होती. त्या काळातल्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं क्षार नळीत मागे राहतं, मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं आणि त्याच दिवशी नळी पाण्याने धुतली नाही तर गंज धरतो. शेजाऱ्यांच्या वडिलांना शिकारीचा जितका नाद होता तितका धुण्याचा नसावा. आतले पेच खवल्याखवल्यांचे झाले होते. आता नातू शिकारीच्या वयाचा झाला होता आणि त्याला हरणाच्या मोसमात हीच रायफल द्यायची, नवी नळी बसवून, असं आजोबांच्या मनात होतं.

गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याने हात वर केले. एडीस्टोनच्या रायफलींबद्दल या धंद्यात एक बोलणं आहे: त्यांच्या नळ्या इतक्या आवळून बसवलेल्या असतात की काढताना रिसीव्हरलाच चीर जाते. तो म्हणाला, नळी मोकळी करून आणाल तर नवी मी बसवून देतो, पण काढण्याची जबाबदारी घेत नाही. त्याचं बरोबरच होतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे रिसीव्हर. क्रमांक त्याच्यावर असतो. नळी हा नुसता सुटा भाग. रिसीव्हर तडकला की रायफल संपली.

आजोबांना माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं की माझ्याकडे गॅरेजमध्ये लहानसा लेथ आहे आणि माझे वडील भारतात लेथ चालवायचे. म्हणून ते माझ्याकडे आले.

इथे जरा थांबून माझ्या घराबद्दल सांगायला हवं, कारण मी लगेच हो म्हटलं नव्हतं.

आम्ही मिरजेचे शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. मिरजेतल्या शिकलगारांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारींचं काम बसलं आणि त्यातल्या काही हातांनी भोपळा आणि लाकूड धरलं. सतार आणि तंबोरा बनवणारी मिरजेची परंपरा शिकलगारांपासूनच सुरू झाली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आमची शाखा मात्र वाद्यांकडे गेली नाही, लोखंडाजवळच राहिली. आजोबा विळे-कोयते करायचे आणि अब्बांनी लेथ घेतला. पंपाचे शाफ्ट, इंजिनाचे लायनर, गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश, असं काम.

अब्बांचा एक नियम होता. बंदुकीला हात लावायचा नाही. आसपासच्या गावांतून कधी कोणी पीक राखायची परवान्याची बंदूक घेऊन यायचा, घोडा पडत नाही म्हणायचा, काम पाच मिनिटांचं असायचं. अब्बा त्याला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, हे ते त्याला समजावून सांगायचे. दुसरं कारण ते गिऱ्हाइकाला सांगत नसत, आम्हाला सांगत. "अपने दुकान में बंदूक दिखी तो पैले नाम पूछेंगे, बाद में लायसन." एवढं बोलून ते पुन्हा लेथकडे वळायचे.

अमेरिकेत आल्यावर तो नियम पाळणं सोपं होतं. कामाच्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणं, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हाच आहे. मी ती वर्षं तशीच काढली. पुढे ग्रीन कार्ड झालं, नागरिकत्व झालं. आता कायद्याची आडकाठी नव्हती. शेजाऱ्याला पैसे न घेता मदत करायला दुरुस्तीचा धंद्याचा परवानाही लागत नाही. तरी बायको म्हणाली, "आपल्या नावाचा माणूस गॅरेजमध्ये रायफल घेऊन बसलाय, हे दृश्य लोकांना कसं दिसेल याचा विचार केलास का?" केला होता. गॅरेजचं दार बंद ठेवलं तर लपवतोय असं दिसणार, उघडं ठेवलं तर दाखवतोय असं.

मी ही अडचण आजोबांना तशीच्या तशी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग घरी जाऊन घडीची खुर्ची घेऊन आले आणि गॅरेजच्या उघड्या दारात, रस्त्याकडे तोंड करून बसले. "रायफल माझी आहे. कोणी विचारलं तर मी इथे बसलोय." तीन शनिवार ते तिथेच बसले. सकाळी कुत्रा फिरवणारे थांबायचे, त्यांच्याशी बोलायचे आणि पुढे जायचे. माझ्या हाताला लागलेला कंप पहिल्या तासाभरात गेला.

आता काम.

रायफल रिकामी असल्याची खात्री आधी दोघांनी आपापली करून घेतली आणि मग बोल्ट काढून तो आजोबांच्या खुर्चीखाली ठेवला. अशा कामाला दोन अवजारं लागतात. एक नळी धरून ठेवणारं, दुसरं रिसीव्हर फिरवणारं. बाजारात दोन्ही मिळतात, पण एका नळीसाठी एवढा खर्च कोण करणार? आणि अवजार घरी करायचं असलं की माझ्या अंगात अब्बा येतात.

नळी धरायला इंचभर जाडीच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेतले, चार कोपऱ्यांत भोकं पाडली आणि चार जाड हाय टेन्साइल बोल्ट घातले. मध्ये लाकडाचे दोन ठोकळे. मिरजेत असतो तर बाभूळ घेतली असती, इथे मेपल मिळालं. दोन ठोकळे एकत्र आवळून, जोडावर मध्य धरून भोक पाडायचं, म्हणजे प्रत्येकात अर्धी खोबण येते. ही सगळी जोडणी टेबलाला आणि टेबल खालच्या काँक्रीटला बोल्टने बांधलं. नाहीतर नळी जागेवर राहते आणि टेबल गॅरेजभर फिरतं.

रिसीव्हर फिरवायचा पाना करताना जास्त जपावं लागतं. काही लोक रिसीव्हरच्या पोटात पहार घालून फिरवतात. त्याने मागचा भाग पिळला जातो आणि पुढे बोल्ट सरळ सरकत नाही. पकड पुढच्या कड्यावरच हवी, जिथे आत आटे आहेत. म्हणून खाली त्या तळाला नीट बसेल अशी सपाट पट्टी, वर कड्याच्या गोलाईची खोबण कानशीने घासून काढलेली दुसरी पट्टी, मध्ये तांब्याचा पातळ पत्रा, दोन बाजूंना दोन बोल्ट आणि खालच्या पट्टीलाच लांब दांडा. कानस मारण्यात अख्खी संध्याकाळ गेली. काजळी लावायची, टेकवून बघायचं, जिथे काळं उमटेल तिथे घासायचं.

जोडाला आठवडाभर गंज सोडवणारं तेल पाजत होतोच. पहिल्या शनिवारी लाकडी ठोकळ्यांत राळेची पूड भुरभुरली. तंतुवाद्याच्या गजाला लावतात तीच राळ, तिने पकड वाढते. बोल्ट आवळले, दांड्यावर चार फुटी पाइप चढवला आणि अंग टाकलं. रिसीव्हर फिरला, पण नळीसकट. राळ तापून धुराचा वास आला आणि लाकूड आतून काळं पडलं.

दुसऱ्या शनिवारी लाकडाऐवजी अॅल्युमिनियमचे ठोकळे घातले. या वेळी नळी सरकली नाही. रिसीव्हरही हलला नाही. दांडा मात्र धनुष्यासारखा वाकला. आजोबा उठून जवळ आले आणि म्हणाले, "माझ्याकडे सहा फुटी पाइप आहे."

लोखंडाच्या कामात हा क्षण नेहमी येतो. पाना पुरत नाही म्हणून पाइप, पाइप पुरत नाही म्हणून लांब पाइप, मग घण, मग गॅसची ज्योत. ज्योत इथे चालणारच नव्हती. या रायफलीचे रिसीव्हर निकेल मिसळलेल्या पोलादाचे, ठरावीक तापमानाला कडक केलेले असतात. बार उडतो तेव्हा चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या आसपास दाब येतो आणि तो रोखणाऱ्या बोल्टच्या खिट्ट्या ह्याच कड्यामागे टेकतात. तिथलं पोलाद तापवून मऊ केलं तर रायफल दिसायला तशीच राहील, पण तिच्या मागे गाल टेकवणारा तो नातू असणार होता.

अब्बांच्या दुकानात लायनर अडकलं की नवखा पोरगा घण उचलायचा. अब्बा घण काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताकद नक्को लगाव रे. पैले देख, पकड्या कहाँ है." अडकलेली वस्तू सगळीकडून अडकलेली दिसते, पण खरं म्हणजे एका जागी धरलेली असते. बाकीची नुसती तिच्या आधाराने बसलेली असते. ती जागा न शोधता जोर लावला की जोर आपल्याला हव्या त्या ठिकाणी जात नाही, जे सगळ्यात कच्चं असेल त्याच्यावर जातो. लाकूड कच्चं होतं तेव्हा लाकूड जळलं. ठोकळे पक्के केले तेव्हा दांडा वाकला. दांडा पक्का केला असता तर पुढचा नंबर रिसीव्हरचा होता.

मग इथे पकडलंय कुठे? आट्यांत नव्हे. ते चौकोनी, प्रशस्त आटे, त्यांत थोडी ढील असतेच. पकडलंय खांद्याने. दोन सपाट तोंडं शंभर वर्षं एकमेकांवर दाबून बसली आहेत आणि त्या दाबाने आटे एका बाजूला ताणून धरलेत. खांद्यावरचा दाब काढला तर बाकी काहीच अडकलेलं नाही.

तो काढायचा रस्ता जुना आहे. रिसीव्हरच्या तोंडापासून दीड-दोन मिलिमीटर पुढे, नळीवर चौफेर एक चर पाडायचा, आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा खोल. मग खांद्याची फक्त एक पातळ चकती उरते. ती मागच्या दाबाला टिकत नाही, किंचित दबते आणि आवळणं सैल होतं. पण हे केलं की नळी कायमची बाद. एकात दोन्ही वाचवायचं हा मार्ग इथे संपतो.

मी आजोबांना तेच विचारलं. नळी आतून गेलेली असली तरी शिक्का तिच्यावर होता, मे 1918 तिच्यावर होता. वडिलांनी धरली ती हीच नळी. ते बराच वेळ तोंडाजवळच्या शिक्क्यावर अंगठा फिरवत बसले. "चर कुठल्या टोकाला पाडणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागच्या. "मग तारीख राहते ना. काप."

लेथवर हे काम दहा मिनिटांचं. पण माझ्या लेथच्या स्पिंडलचं भोक लहान, त्यातून ही नळी जात नाही. तेव्हा हॅकसॉ. ब्लेड सरळ राहावं म्हणून रबरी पाइपाला लावतात तो पत्र्याचा क्लॅम्प नळीवर गुंडाळून आवळला आणि त्याच्या कडेला ब्लेड टेकवून कापत गेलो. रिसीव्हरच्या तोंडावर ओरखडा नको म्हणून त्याच्यावर पितळेचा पत्रा बांधला. थोडं कापायचं, नळी थोडी फिरवायची, पुन्हा थोडं. ब्लेडवर खोलीची खूण केली होती. नळीचं पोलाद कापायला मऊ असतं, तरी दोन ब्लेडं आणि दुपार गेली.

तिसऱ्या शनिवारी मुद्दाम पुन्हा लाकडी ठोकळे घातले, नवे. राळ घातली. पाइप चढवला नाही. मी रिसीव्हरच्या मागे उभा राहिलो, दांडा घड्याळाच्या उलट दिशेला ताणून धरला आणि टोकावर तांब्याच्या हातोडीचा एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला कोरडी फांदी मोडावी तसा आवाज आला. आजोबा खुर्चीतून उठले, कारण तो आवाज चीर जाण्याचाही असू शकत होता. दांडा हातभर खाली आला होता. पुढचं हाताने फिरलं.

नळी बाहेर आली तेव्हा आधी आटे बघितले. गंजाचा ठिपकाही नाही. तपकिरी झालेल्या तेलाचा पातळ थर आणि खाली पोलाद चकचकीत, 1918 मध्ये कोणीतरी पुसून बसवलं होतं तसं. शंभर वर्षांचा गंज म्हणून आम्ही ज्याच्या नावाने आठवडाभर तेल ओतलं, तो आत नव्हताच.

मग चीर. रिसीव्हर धुतला, लाल रंगाचं भेदक द्रव्य फवारलं, पुसून वर पांढरी पूड मारली. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ फुटते. अब्बा हेच रॉकेल आणि खडूने करायचे: इंजिनाच्या हेडवर रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, खडू फासायचा आणि चहा पिऊन यायचं. आम्हीही चहा प्यायलो. परत येऊन भिंग घेऊन कड्याचा घेर दोनदा पाहिला. सगळं पांढरंच होतं.

रिसीव्हर दुरुस्तीवाल्याकडे गेला. नवी नळी बसवणं, काडतुसाची जागा गेजने मोजणं, ही कामं त्याने केली आणि ती त्यानेच करायला हवी होती. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतर, नातू ती घेऊन जंगलात गेला. हरीण मिळालं नाही म्हणे. जुनी नळी आजोबांनी दिवाणखान्यात शेकोटीच्या वर लावली आहे, तारखेचं टोक उजेडाच्या बाजूला करून.

दुकान आता माझा पुतण्या बघतो. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. चरकाचा बुश अडकलाय, दोन माणसं पाइपाला लोंबकळतायत आणि तिसरा गॅसची नळी ओढत येतोय. खाली लिहिलं होतं, "चाचा, अजून किती लांब पाइप लावू?"

मी विचारलं, पकडलंय कुठे?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "पाइप काढला. आधी चहा घेतो, मग बघतो."